गढूळ पाण्यात उतरणारा दिवा: कमी पैशांत चांगली डाइव्ह टॉर्च निवडण्याची कृती

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही, पण खोल पाणी आहे. उत्तरेला अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांच्या कडेने नर्मदेवर सरदार सरोवराचा फुगवटा पसरलाय, मणिबेलीपासून वर भुषाच्याही पुढे. दक्षिणेला तापीवर उकाईचा फुगवटा नवापूर-नंदुरबारच्या शिवारात शिरलाय. शिवाय शहादा-तळोद्याच्या शेतांत विहिरी आहेतच. तारकर्लीला जाऊन स्कूबा शिकून आलेला इथला तरुण घरी परतला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्वस्तात जास्त उजेडाची टॉर्च कोणती घ्यावी? मोबाइलवर शोधलं की दहा हजार लुमेन, वीस हजार लुमेन असे आकडे समोर नाचायला लागतात.

मीही पहिली टॉर्च अशीच आकडा बघून घेतली होती. फुगवट्यात तीन-चार मीटरवर ती लावली आणि डोळ्यांसमोर दुधाची भिंत उभी राहिली. बंद केली तेव्हा जास्त दिसलं! उजेड भरपूर होता, पण तो सगळा माझ्या नाकासमोरच्या गाळावर सांडत होता. पाण्यातल्या दिव्याचं अर्धं काम गाळ न उजळण्याचं असतं, हे त्या दिवशी कळलं. खालची सगळी कृती त्या एका धड्यावर उभी आहे.

आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. गोंधळ नको म्हणून इथे दिव्याला टॉर्च आणि आतल्या नळकांड्याला सेल म्हणू.

आधी दोन अटी. ही कृती स्कूबाचं प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी आहे. चांगली टॉर्च हातात आली म्हणून कोणी पाणबुड्या होत नाही. आणि बुडालेल्या माणसाला शोधायला या भरवशावर उतरू नका. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

लागणारं साहित्य

- घरातल्या दोन स्टीलच्या ताटल्या, साधारण २० सेंटिमीटर रुंद
- पांढरा आणि काळा ऑइलपेंट, थोडासा, आणि काळी टेप
- १५ मीटर नायलॉनची दोरी आणि वजनाला दगड
- २०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप आणि एक बादली
- मूठभर काळी माती
- प्रकाश मोजणारं लक्स अ‍ॅप टाकलेला मोबाइल
- किचनमधला डिजिटल वजनकाटा
- टिश्यू पेपर, मऊ ब्रश, सिलिकॉन ग्रीस
- वही, पेन आणि पक्का मार्कर

पायरी १: टॉर्चआधी पाणी मोजा

दुकानदार तुम्हाला टॉर्चबद्दल सांगेल. तुमच्या पाण्याबद्दल तुम्हालाच माहिती हवी. एका ताटलीचे चार समान भाग करा आणि एकाआड एक पांढरे-काळे रंगवा. मध्ये भोक पाडून दोरी बांधा, खाली दगड अडकवा. दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा. दुपारच्या उन्हात नावेच्या सावलीच्या बाजूने ताटली सोडा. ती दिसेनाशी झाली की थांबा, हळूहळू वर ओढा आणि पुन्हा दिसू लागली की थांबा. या दोन खोलींची सरासरी वहीत लिहा.

या ताटलीला सेकी डिस्क म्हणतात. आंजेलो सेकी नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ साली समुद्रावर तिचे प्रयोग केले; तळी-तलावांचे अभ्यासक आजही ती वापरतात. वरून खाली दिसणं आणि पाण्यात आडवं दिसणं यांत फरक असतो, पण तुलनेसाठी ती पुरते.

माझा ठोकताळा असा: ताटली एक मीटरच्या आत हरवली तर कोणतीही टॉर्च फार काही दाखवणार नाही, ती फक्त गेज वाचायला आणि जोडीदाराला इशारा करायला उपयोगी. एक ते तीन मीटर असेल तर अरुंद किरणाची टॉर्च हवी. त्याहून स्वच्छ असेल तर रुंद किरणही चालेल. पावसाळ्यात नद्या चहाच्या रंगाच्या असतात. गाळ बसायला दिवाळी उलटते. म्हणून एकाच जागेचं माप वर्षातून दोन-तीनदा घ्या.

पायरी २: काम ठरवा, मग किरणाचा कोन

एकच टॉर्च सगळीकडे चालेल असं धरून चालू नका. तीन कामं वेगळी आहेत.

*फुगवट्यातलं गढूळ पाणी.* इथे किरण १० अंशांच्या आसपास, सुईसारखा हवा. बाजूला सांडणारा उजेड जितका कमी, तितका उजळलेला गाळ कमी.

*मालवण-तारकर्लीचा समुद्र.* दिवसा उथळ पाण्यात कपारीत डोकवायला १० ते २० अंश पुरे. टॉर्चची खरी गंमत रंगात आहे. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाच-सहा मीटरवरच लाल वस्तू करडी दिसू लागते. टॉर्च जवळ नेली की दगडावरचा करडा डाग एकदम शेंदरी होतो.

*व्हिडिओ.* यासाठी १०० ते १२० अंशांचा रुंद, एकसारखा उजेड लागतो. तो स्वच्छ पाण्यासाठीच. फुगवट्यात हाच दिवा आंधळा करतो.

कोनाचा परिणाम किती? १००० लुमेन उजेड १० अंशांच्या शंकूत कोंडला तर मधली तीव्रता ४०,००० कँडेलाच्या पुढे जाते. तेवढाच उजेड १२० अंशांत पसरला तर जेमतेम ३०० कँडेला उरते. लुमेन तेच, पण तीव्रतेत सव्वाशे पटींहून जास्त फरक! प्रत्यक्षात थोडा उजेड कडेला सांडतोच, म्हणून हे आदर्श आकडे समजा. लुमेन म्हणजे एकूण उजेड आणि कँडेला म्हणजे एका दिशेला त्याची तीव्रता. खोक्यावर दोन्ही आकडे शोधा. नुसते लुमेन छापले असतील आणि कोन दिला नसेल तर पुढच्या टॉर्चकडे वळा.

पिवळा उजेड गढूळ पाण्यात जास्त शिरतो, असं कोणी सांगितलं तर त्यापायी जादा पैसे देऊ नका. मातीचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असतात. ते सगळ्याच रंगांना जवळपास सारखं उधळतात. रंगापेक्षा कोनाला महत्त्व द्या.

पायरी ३: लुमेनचा दावा वहीवर तपासा

या हिशेबाला सातवीचं गणित पुरतं.

बहुतेक स्वस्त टॉर्चमध्ये १८६५० नावाचा एक लिथियम सेल असतो. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. चांगल्या सेलची क्षमता ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, व्होल्टेज ३.६. गुणाकार केला की साधारण साडेबारा वॉट-तास ऊर्जा येते. एलईडी आणि आतलं सर्किट धरून एका वॉटमागे अंदाजे १०० लुमेन धरा.

म्हणजे १००० लुमेनला १० वॉट लागतात आणि सेल सव्वा तास चालतो. हा दावा पटण्यासारखा आहे. आता १०,००० लुमेन घ्या. त्याला १०० वॉट लागतील, म्हणजे एका सेलमधून २८ अँपिअर. एवढा प्रवाह अशा सेलला झेपत नाही; झेपला असं धरलं तरी सेल साडेसात मिनिटांत संपेल. एका सेलवर दहा हजार लुमेन तासभर म्हणणारी टॉर्च एका घागरीत विहीर भरायला निघालीय.

आपल्या कामाला ८०० ते १२०० लुमेन, अरुंद किरण आणि तासभर टिकणारा उजेड पुरतो. त्यापुढचे लुमेन गाळ उजळतात आणि सेल खातात.

पायरी ४: सेल वजनकाट्यावर ठेवा

टॉर्चइतकीच फसवणूक सेलमध्ये होते. १८६५० मापाच्या सेलवर ९,९०० मिलिअँपिअर-तास छापलं असेल तर तो आकडा खोटा. या मापात एवढी ऊर्जा मावत नाही. खरा सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. काट्यावर ३० ग्रॅम दिसले तर तो परत पाठवा. थोडा जाड २१७०० सेल घेणारी टॉर्च मिळाली तर उत्तम. त्याची क्षमता ५००० मिलिअँपिअर-तासांपर्यंत जाते आणि वजन ७० ग्रॅमच्या आसपास असतं.

सेलवर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीची खूण आणि आयएस १६०४६ हा क्रमांक पाहा. सेल बाहेर काढून बदलता येईल अशीच टॉर्च घ्या. आत कायमचा बसवलेला सेल दमला की सगळी टॉर्च भंगारात जाते. चार्जर ४.२ व्होल्टला आपोआप थांबणारा हवा. वस्तीवर वीज येते-जाते, म्हणून सेल रात्रभर लावून झोपू नका.

पायरी ५: अंग, स्विच आणि रबराची कडी

खोक्यावर नुसतं आयपी-६८ असेल तर ते डाइव्हला पुरत नाही. ती खोली कंपनी स्वतः ठरवते. काही वस्तूंसाठी ती दीड मीटरच असते. मीटरमध्ये लिहिलेली खोली बघा. मनोरंजनासाठीच्या स्कूबाची मर्यादा ४० मीटर आहे आणि पहिल्या प्रमाणपत्रावर १८ मीटर. दर दहा मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो. ४० मीटरवर तो पृष्ठभागाच्या पाचपट असतो. म्हणून किमान ६० मीटर लिहिलेली टॉर्च घ्या, १०० मीटर असेल तर निश्चिंत.

स्विचचे प्रकार तीन. डोकं पिरगाळून लागणारी टॉर्च स्वस्त असते, पण पाण्यात उलटीकडे पिरगाळली तर झाकण सैल होऊन पाणी आत शिरतं. दाबायच्या बटणात रबराने झाकलेली एक जादा फट असते. चांगलं केलेलं बटण टिकतं. सरकवायच्या स्विचमध्ये आत-बाहेर लोहचुंबक असतात, अंगाला भोकच नसतं. फक्त वाळू अडकली की तो घट्ट होतो. पहिल्या टॉर्चसाठी मी चुंबकाचा स्विच निवडीन.

झाकणाच्या आट्यांवर ओ-रिंग, म्हणजे रबराच्या कड्या, दोन हव्यात. खोक्यात जादा कड्या दिल्या असतील तर बनवणाऱ्याने पाण्याचा विचार केलाय असं समजा.

पायरी ६: पैशांची वाटणी

ठरवलेल्या रकमेचे तीन वाटे करा. निम्मी रक्कम मुख्य टॉर्चला. उरलेल्यातली निम्मी दुसऱ्या, छोट्या टॉर्चला. बाकीची दोन चांगले सेल, चार्जर, ग्रीस आणि मनगटाच्या दोरीला. सगळे पैसे एका महागड्या दिव्यात घालून एकट्या दिव्यावर खाली जाण्यापेक्षा दोन मध्यम दिवे शहाणपणाचे. रात्रीच्या किंवा अंधाऱ्या डाइव्हला मुख्य आणि राखीव असे दोन दिवे बाळगण्याचा रिवाज जगभर आहे, तो उगाच पडलेला नाही.

ऑनलाइन मागवताना परत करायची मुदत बघा. धडगाव-मोलगीकडे पार्सल यायलाच वेळ लागतो. मुदत सुरू होते ती वस्तू पोहोचल्याच्या दिवसापासून. म्हणून पुढच्या तीन पायऱ्या खोकं उघडल्यावर त्याच आठवड्यात उरका.

पायरी ७: बादली आणि विहीर

आधी ओ-रिंग काढून पुसा, वाटाण्याच्या पाव दाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस बोटांवर घेऊन तिला चमक येईल इतकंच लावा. तेल किंवा व्हॅसलीन नको. काही जातीचं रबर त्याने फुगतं.

आता *सेल न घालता* आत टिश्यू पेपरची गुंडाळी ठेवा. कागदाचा धागाही कडीखाली अडकू देऊ नका. टॉर्च बंद करून अर्धा तास बादलीत बुडवा. नवख्यांना वाटतं गळती खोल पाण्यातच होते. प्रत्यक्षात खोलवर दाबानेच कडी घट्ट बसते. सैल कडी बरेचदा उथळ पाण्यातच दगा देते.

बादलीत पास झाली की विहीर. मालकाला विचारा, टॉर्चला दगड बांधा आणि दोरीने तळापर्यंत सोडा. विहिरीत दहा मीटर पाणी असेल तर तिथला दाब वरच्याच्या दुप्पट असतो. अर्ध्या तासाने काढा, बाहेरून पूर्ण कोरडी करा, मगच उघडा. टिश्यू कोरडा असेल तर टॉर्च पास. ओला असेल तर सेल वाचला आणि परत पाठवायची मुदतही वाचली. विहिरीत दोरी उतरेल, माणूस उतरणार नाही.

पायरी ८: पिंपातली परीक्षा

अमावस्येच्या आसपासची रात्र निवडा. पिंप पाण्याने भरा, तळाला काळ्या टेपची फुली मारलेली दुसरी, न रंगवलेली ताटली ठेवा. मूठभर काळी माती बादलीत कालवा, जाड कण बसायला दहा मिनिटं द्या आणि वरचं गढूळ पाणी थोडं थोडं पिंपात ओता. वरून मोबाइलच्या उजेडात फुली जेमतेम दिसेल तिथे थांबा. तुमचा फुगवटा अंगणात आला!

टॉर्चचं तोंड पाण्यात बुडवा. आधी ती डोळ्यांच्या अगदी खाली धरून फुलीकडे बघा. मग डोकं तिथेच ठेवून टॉर्च पिंपाच्या दुसऱ्या कडेला न्या आणि तिरका झोत फुलीवर टाका. बहुतेक वेळा दुसऱ्या खेपेला फुली उठून दिसते. कारण तुमच्या नजरेच्या वाटेतला गाळ आता उजळत नाही. धुक्यात घाट उतरताना हेडलाइटचा अप्पर मारला की समोर पांढरं होतं आणि डिपर दिला की रस्ता दिसतो, तोच हा प्रकार.

दोन टॉर्च असतील तर दोन्ही अशाच बघा. जिच्यात फुली लवकर दिसते ती निवडा, मग तिच्या खोक्यावर आकडा कमी का असेना.

पायरी ९: उजेड किती वेळ टिकतो

स्वस्त टॉर्चचा खरा चेहरा वीस मिनिटांनी दिसतो. बंद खोलीत टॉर्च पाणी भरलेल्या बादलीत उभी, तोंड छताकडे करून ठेवा. मोबाइल जवळच्या खुर्चीवर लक्स अ‍ॅप लावून ठेवा आणि हलवू नका. दर दहा मिनिटांनी आकडा लिहा. मोबाइलचा आकडा प्रयोगशाळेचा नसतो, पण उजेड उतरतोय का हे नेमकं कळतं. सुरुवातीच्या निम्म्यावर आकडा कधी आला, ती तुमच्या टॉर्चची खरी वेळ. ठरवलेल्या डाइव्हपेक्षा ती किमान दीडपट हवी.

बादलीतलं पाणी इथे विसरू नका. डाइव्ह टॉर्च पाण्याने थंड राहील अशीच बनवलेली असते. मे महिन्यात तळोद्याच्या उन्हात ती हवेत पूर्ण उजेडावर ठेवली तर एलईडी आणि सेल दोन्ही तापतात.

पायरी १०: पाण्यात धरायची कशी

पिंपात शिकलात तेच पाण्यात करा: टॉर्च मास्कपासून हातभर बाजूला, झोत तिरका. तळाच्या चिखलाला फिन लागू देऊ नका. एकदा गाळ उठला की किरण कितीही अरुंद असला तरी फिका पडतो.

इशारे उतरण्याआधीच ठरवा. उजेडाचं सावकाश वर्तुळ म्हणजे सगळं ठीक. झोत झपाट्याने डावी-उजवीकडे हलवणं म्हणजे माझ्याकडे बघ, अडचण आहे. जोडीदाराच्या डोळ्यांत झोत मारू नका. राखीव टॉर्च छातीजवळच्या कडीला अडकवा, एका हाताने सापडेल अशी. मुख्य टॉर्च विझली तर राखीव लावून वर यायचं. राखीव दिव्यावर डाइव्ह पुढे न्यायची नाही.

पायरी ११: निगा

समुद्रातून आल्यावर टॉर्च बंद झाकणासह गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवा, स्विच दोन-चारदा सरकवा. फुगवट्यातून आल्यावर आट्यांतला गाळ मऊ ब्रशने काढा. सेल काढून निम्म्या चार्जवर ठेवा, पत्र्याच्या घरात तर सगळ्यात थंड कोपऱ्यात. विमानाने गोव्याला जाणार असाल तर सुटे सेल हातातल्या बॅगेत, टोकांना टेप लावून ठेवा. सामानात टाकू नका.

आत पाणी गेलंच तर घाईने उघडू नका. ओल्या सेलमुळे आत वायू साठून झाकण गोळीसारखं उडू शकतं. मोकळ्या जागेत, तोंड आपल्यापासून आणि इतरांपासून दूर करून, सावकाश सैल करा. भिजलेला सेल पुन्हा वापरू नका.

दिव्याचं काम कुठे संपतं

१५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भुषाजवळ नर्मदेत बोट उलटली. लहान मुलांचेही जीव गेले. अशा वेळी हाती टॉर्च असलेल्या पोराला वाटतं, आपणच उतरावं. फुगवट्याखाली बुडालेली झाडं आहेत, घरांचे अवशेष आहेत, तुटलेली जाळी आहेत. नर्मदेत मगरीही आहेत. शोध चालू असतो तिथलं पाणी ढवळलेलं असतं, तिथे ताटली वीतभरावर हरवते. अशा पाण्यात प्रशिक्षित पाणबुडेसुद्धा डोळ्यांवर विसंबत नाहीत. २०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या मुलांपर्यंत पोहोचलेले पाणबुडे हाताने दोरी चाचपत गेले होते. ११२ किंवा जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ फिरवा. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्याहून निघते. ती घाट चढून येईपर्यंत तुमच्या टॉर्चचं काम काठावर आहे: बोट उलटली ती जागा झोताने धरून ठेवणं, पाण्यावर तरंगणारं कोणी दिसतंय का ते बघणं, येणाऱ्या नावेला वाट दाखवणं. काठावर गाळ नसतो. तिथे तुमचे सगळे लुमेन कामी येतात.

सगळ्या पायऱ्या झाल्या की टॉर्चच्या अंगावर पक्क्या मार्करने तीन गोष्टी लिहा: विहिरीत तपासल्याची तारीख, उजेड निम्म्यावर यायला लागलेली मिनिटं, आणि आपल्या पाण्यात ताटली हरवली ती खोली. खोक्यावरचा आकडा बनवणाऱ्याचा होता. हे तीन तुमचे आहेत. ताटलीचा आकडा एक मीटरच्या खाली असेल त्या दिवशी टॉर्चच्या भरवशावर पाण्यात उतरू नका.